मंगलची अध्ययन रजा

मंगल,

तुझ्या जागी दोघी आल्या. एक नाही, दोघी. तुला जाऊन तीन दिवस झाले होते आणि चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीला त्या तुझ्या लेबर रूममध्ये उभ्या होत्या, प्रतिनियुक्तीचे आदेश हातात घेऊन. मी पाहिलं त्यांना. वाईट नाहीत बिचाऱ्या. एकीने तर मला विचारलं, "मॅडम, मंगलसिस्टर बाळाला गुंडाळायचे कपडे कुठं ठेवायच्या?" मला सांगता आलं नाही. तुझ्या लेबर रूममध्ये मी कधी पाच मिनिटांच्या वर थांबलेच नव्हते.

तुझ्या दवाखान्यात शोकसभा होती म्हणून मी बीडहून आले होते. ओपीडीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. टेबलावर तुझा फोटो, ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला. त्यात तू अशी दिसतेस की पोलिसांनी बसवून काढलाय. अधीक्षक डॉक्टर बोलायला उठले आणि म्हणाले, "मंगलसिस्टरच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे." मी मागे वळून लेबर रूमच्या दाराकडे पाहिलं. पोकळी भरून झाली होती. सहा वर्षं तुला हेच ऐकवलं गेलं, की तुझ्या जागी द्यायला माणूस नाही.

सभा संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. "साहेब, तिने तीन वेळा अध्ययन रजेचा अर्ज केला. तिन्ही वेळा 'पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाही' म्हणून परत आला. मग आता चार दिवसांत दोघी कुठून आल्या?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, मृत्यूने पद रिक्त होतं. रजेने होत नाही. रिक्त पदावर मला माणूस मागता येतो. रजेवर गेलेल्याच्या जागी मागता येत नाही."

"म्हणजे तिला शिकायला जायचं असेल, तर आधी..."

मग त्यांनी कपाटातून तुझी फाईल काढली आणि माझ्यासमोर सरकवली. तिन्ही अर्ज होते, तुझ्या त्या पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरातले. तिन्हींवर शिफारस होती. पहिल्यावर आधीच्या साहेबांची, पुढच्या दोन्हींवर यांची. 'कर्मचारी गुणी असून संधी द्यावी.' तिन्ही वरून परत आले होते. "मी आणखी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. खरंच विचारत होते.

मंगल, मी भांडायची तयारी करून गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. आणि भांडायला एक माणूससुद्धा मिळाला नाही. सगळे सज्जन, सगळ्यांची शिफारस, आणि तू मेलीस. म्हणून आता तुझ्याशीच भांडते. आपलं तसंही अर्धं राहिलेलं आहेच.

आठवतं का, जी.एन.एम.च्या नर्सिंग डिप्लोमाला आपण होस्टेलच्या एकाच खोलीत होतो. मी परळीची, घरी भांड्यांचं दुकान, वडील कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसणारे. तू शिरूर कासारकडची. घरी मेंढ्या, आणि दिवाळीनंतर निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला गेलेलं. पहिल्या सुट्टीत तू माझ्याकडे परळीला आलीस आणि गच्चीवरचे वाळलेले कपडे काढताना ओरडलीस, "जये, तुमच्या कपड्यावर पावडर कोन टाकतंय गं?" पावडर नव्हती ती, थर्मल वीजकेंद्राची राख होती. आम्हाला ती दिसेनाशी झाली होती. माझी आई त्यानंतर कितीतरी वर्षं तुझं नाव काढून हसायची.

आणि मिडवाइफरीचा तो पहिला तास. ट्यूटर मॅडमनी विचारलं, कुणी बाळंतपण पाहिलंय का. सगळ्या वर्गात तुझा एकटीचा हात वर.

"पाहिलंय?"

"केलंय."

"किती?"

"मोजले न्हाईत. मेंढ्यांचे."

वर्ग खिदळला. मॅडमनी गप्प केलं आणि तुलाच पुढे बोलावलं. तू ओढणीशी चाळा करत सांगितलंस की तू अकरा वर्षांची असताना एका मेंढीचं पिल्लू पाय मुडपून अडकलं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. "कळ चालू असताना आत हात हालवायचा न्हाई. मेंढी बी जाती आन पिल्लू बी. कळ उतरली की मंग हळूच पाय सरळा करायचा." मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "हे आपल्याला पुढच्या महिन्यात शिकायचंय." तेव्हापासून वर्गात तुला कुणी हसलं नाही. मी मात्र तुझ्या भाषेवर हसत राहिले. 'न्हाई' नाही म्हणायचं, 'नाही' म्हणायचं, 'हाय' नाही 'आहे'. मी तुला सुधारायची आणि तू ऐकून घ्यायचीस. त्याचं आज फार वाईट वाटतं.

पास झाल्यावर तुला सरकारी नोकरी लागली, अधिपरिचारिका. मला लागली नाही. मी एका खाजगी दवाखान्यात दोन वर्षं सलाईन लावली आणि कंटाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला गेले. मग एम.एस्सी., प्रसूतिशास्त्रात. मग नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. लोक म्हणतात जयश्री हुशार, कुठल्या कुठे पोचली. खरं काय ते तुला माहीत होतं. मला शिकायला जाताना कुणाची ना हरकत लागली नाही, कारण मी नसले तरी कुणाचं काही अडत नव्हतं. मी सोडून देण्यासारखी नर्स होते, म्हणून मला जाता आलं. तू कामाची होतीस, म्हणून तुला सोडलं नाही. यात न्याय कुठला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी या विषयावर लेक्चर देते.

माझा एम.एस्सी.चा प्रबंधही तुझाच आहे. हे मी कधीच म्हटलं नाही, आज लिहूनच टाकते. कळा चालू असताना बाईला काय केल्याने बरं वाटतं, हा विषय तू फोनवर सहज बोलता बोलता दिला होतास. प्रश्नावली मी तयार केली, पण ती बायकांना विचारून भरली तू. ड्युटी संपल्यावर, वर्षभर. गठ्ठा बांधून बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवायचीस. मी एकदाही आले नाही. आणि छापून आला तेव्हा ऋणनिर्देशात मार्गदर्शक, प्राचार्य, सासू-सासरे, टायपिंगवाला, सगळे होते. तू नव्हतीस. विसरले होते. खरंच विसरले होते, आणि मुद्दाम वगळण्याहून ते वाईट. तू तो प्रबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलास. पहिल्या पानापासून म्हणजे ते पानही वाचलंस. म्हणालीस, "चांगलं झालंय गं." एवढंच.

मग तुझ्यावर ती नोटीस आली.

दुपारची वेळ होती. डॉक्टर साक्ष द्यायला कोर्टात गेले होते. लिंबागणेशकडची एक बाई बाळंत झाली, बाळ चांगलं होतं, आणि नंतर रक्त थांबेना. तू इंजेक्शनं दिलीस, पोट चोळलंस, रुग्णवाहिका बोलावली. ती यायला वेळ होता. बाईचे ओठ पांढरे पडायला लागले. तेव्हा तू कॅथेटरला कंडोम बांधलास, गर्भाशयात सोडून त्यात सलाईन भरलंस आणि आतून दाब दिलास. हे तंत्र तुला एका प्रशिक्षणात दाखवलं होतं, फक्त दाखवलं होतं. रक्त थांबलं. बाई बीडला पोचली, जगली. तिथल्या डॉक्टरांनी कौतुकाने केसपेपरवर लिहिलं, 'हे सिस्टरने केले.' त्या तीन शब्दांवरून तुला कारणे दाखवा नोटीस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत, अधिकारकक्षेबाहेर जाऊन. शेवटी समज देऊन प्रकरण मिटवलं.

तू तो कागद घेऊन माझ्याकडे आलीस. चहा पुढे आला तरी घेतला नाहीस.

"माझं चुकलं का?"

"नाही."

"तिला मरू द्यायची हुती का?"

"नाही गं, मंगल."

"मंग माझ्या हाताला जे येतंय, ते मी करावं असं कागदावर कावून न्हाई?"

तेव्हा मीच तुला त्या अभ्यासक्रमाचं सांगितलं. मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर, दीड वर्ष. शिकून आल्यावर नॉर्मल बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर, ठरावीक औषधं स्वतः देता येतात, गुंतागुंत झाली तर पहिला हात तुझा. मी माहितीचं पत्रक छापून दिलं. तू ते बोट ठेवून वाचलंस. "हे लेखी देत्यात?" "देतात." "मंग मला जायचंय." चाळिशीला आलेली, घरी मुलगी आणि सासू, आणि तू शाळेची पिशवी मिळाल्यासारखी हसलीस. तुला ती वाट मी दाखवली. म्हणून माझा तुझ्यावर जितका राग आहे त्याहून माझ्यावर जास्त आहे.

पहिला अर्ज परत आला तेव्हा तू म्हणालीस, "पुढच्या बारीला." दुसरा परत आला तेव्हा म्हणालीस, "कोन तरी रिटायर होईल, कोन तरी येईल." मला वाटलं तुझं मन रमावं, म्हणून मी तुला आमच्या कॉलेजात पाहुणी म्हणून बोलावलं. शेवटच्या वर्षाच्या मुलींना मी दरवर्षी एक तास देते, 'नर्सिंगनंतर पुढे काय'. फळ्यावर सगळं काढलं होतं. जी.एन.एम.वरून पोस्ट बेसिक, बी.एस्सी.वरून एम.एस्सी., त्याच्या पाच शाखा, वर पीएच.डी. एका बाजूला अतिदक्षता विभागातली नर्स प्रॅक्टिशनर, एका बाजूला मिडवाइफरीतली. समुदाय आरोग्य अधिकारी. परदेशाची परीक्षा. पाठ्यनिर्देशिका, अधिसेविका, प्राचार्य. बाण काढून, रंगीत खडूने. मला त्या फळ्याचा अभिमान होता.

तू शेवटच्या बाकावर बसली होतीस. मी म्हटलं, सिस्टर, काही सांगा मुलींना. तू उठलीस आणि फळ्याकडे बघत राहिलीस. "लई भारी हाय. पन मॅडम, ह्यातला बाळंतिणीकडं परत येनारा रस्ता कंचा?"

मुली हसल्या. मी पण हसले. नंतर स्टाफरूममध्ये तुझ्यावर चिडले. "तू मला वर्गात पाडलंस."

"पाडलं न्हाई, इचारलं. जी शिकती ती पेशंटापासून लांब जाती. तू गेलीस. आमची पहिली इनचार्ज सिस्टर एम.एस्सी. करून आली, तिला हापिसात बसवलं. असं कावून हाय?"

"कारण तशी पदंच नाहीत, मंगल. नर्स प्रॅक्टिशनर होऊन आलीस तरी तुझ्या दवाखान्यात त्या नावाचं पद नाही. परत तीच अधिपरिचारिका, तोच पगार, तीच पाळी. मी तुला आधी सांगायला हवं होतं."

मला वाटलं तू मोडून पडशील. तू पाण्याचा ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालीस, "पद न्हाई तर न्हाई. नोटीस तर येनार न्हाई."

या एका वाक्यावर मी रोज तुझ्याशी वाद घालते. तुला मोठं काहीच नको होतं. खुर्ची नको, पगार नको. जे येतं ते करू द्या आणि करताना चोर ठरवू नका, एवढंच हवं होतं. एवढंसं मागणं, आणि त्याला लागणारा कागद सहा वर्षं वर जाऊन खाली येतो. आणि आम्ही परिषदांमध्ये 'प्रगत परिचर्येचं भवितव्य' यावर शोधनिबंध वाचतो. मी वाचलाय. टाळ्याही घेतल्यात.

तिसरा अर्ज परत आला तेव्हा वयाची अट जवळ आली होती. चौथी संधी नव्हती, हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. आपण बीडच्या बसस्टँडच्या कँटीनमध्ये भेटलो. मी ठरवूनच आले होते.

"राजीनामा दे. आमच्याकडे ये. आधी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून घेतील, मी बोलते. मग पोस्ट बेसिक कर, मग एम.एस्सी."

"तुझ्या कॉलेजात म्या काय करू? पुतळ्याची बाळंतपणं?"

लॅबमधल्या त्या रबरी बाईला तू पुतळा म्हणायचीस. मला लागलं ते. पंधरा वर्षं मी त्या पुतळ्यावरच शिकवते.

"पुतळा मरत नाही, मंगल. आणि पुतळ्यापायी मला नोटीस येत नाही."

"म्हनूनच म्हनते."

आणि मग मी ते बोलले. इथे लिहितानाही हात मागे येतो, पण तू ऐकलंयस, तुझ्यापासून काय लपवू. मी म्हणाले, "तुला शिकायचंच नाहीये. मंगलसिस्टरशिवाय दवाखाना चालत नाही, हे ऐकायची तुला चटक लागलीय. रजा मिळाली असती तर तूच घाबरली असतीस."

तुझी बस अजून लागलीही नव्हती. "गाडी लागली माझी," म्हणालीस आणि पिशवी उचलून गेलीस. मी खिडकीतून पाहिलं, तू फलाटावर रिकाम्या जागेसमोर उभी होतीस. मी उठून आले नाही.

चार महिने. दिवाळीत मी फराळाचा फोटो पाठवला नाही, तूही नाही. मध्ये एकदा तुझा मेसेज आला, 'मिडवाइफरीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघालीय म्हणे. मिळेल का.' मला इतका आनंद झाला. मी उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं पुस्तक घेऊन स्वतःच जावं, दारात उभं राहावं, म्हणजे बोलणं आपोआप सुरू होईल. पुस्तक मागवलं. मग परीक्षा आल्या, मग तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजात धावपळ. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. तुला वाटलं असेल मी उत्तरसुद्धा देत नाही. तू असंच समजून गेलीस, मंगल. याचं मी काय करू?

दहाव्याला तुझ्या घरी आले. दाजी ओसरीवर बसले होते, मला बघून उठले आणि परत बसले. म्हणाले, "आठ दिवस डोकं दुखत हुतं तिचं. म्या म्हनलं दाखव. म्हनली, दवाखान्यात गेल्यावर बी.पी. बघते. रोज दवाखान्यात जात हुती की वो, ताई." आणि सोमवारी सकाळी, डबा भरता भरता, तू खाली बसलीस ती उठली नाहीस. मेंदूत रक्तस्राव.

रोज सकाळी ओळीने गरोदर बायकांचा बी.पी. तपासणारी तू. कुणाचा वरचा आकडा जरा चढला की तिच्या नवऱ्याला बोलावून झापणारी तू. तोच बी.पी.चा पट्टा आठ दिवसांत एकदा स्वतःच्या दंडाला बांधता आला नाही? मला तुझा इतका राग आला की तुझ्या फोटोसमोर मी हातसुद्धा जोडले नाहीत. लोकांना वाटलं असेल मी बधिर झालेय. मी चिडले होते. अजून चिडलेली आहे.

निघताना तुझी ऋतुजा मला गावच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. बारावी झाली तिची. तुझीच चाल. चालता चालता म्हणाली, "मावशी, मी बी.एस्सी. नर्सिंग करू का?"

मंगल, या प्रश्नावर माझा आख्खा तास तयार असतो. बाण, खडू, पाच शाखा, सगळं. पण तो तास तिच्यासाठी नव्हता. तिला काय सांगू? जा म्हणू? तुझी आई जिथे अडली तिथे जाऊन तूही अड, असं म्हणू? नको म्हणू? तर उद्या लिंबागणेशची बाई कुणाच्या हातात द्यायची? मी विचारलं, "आई काय म्हणायची?"

"आई म्हणायची, शिकायचं तर आधी सगळं शिकून घे, मग नोकरीला लाग. एकदा कामाला लागलं की कुणी सोडत नाही."

मी म्हटलं, थोडी थांब, आपण नीट बोलू, सीईटीचं बघू, फॉर्मची तारीख जाऊ देऊ नको. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "फॉर्म भरलाय मावशी. मी विचारत नव्हते, सांगत होते." आणि अगदी तुझ्यासारखी, भुवया न हलवता हसली. मला तिला मिठी मारायची होती, पण फाट्यावर माणसं उभी होती आणि बस आली.

घरी येऊन मी पुस्तकांच्या कपाटासमोर बसून राहिले. माझ्या एम.एस्सी.ला, माझ्या पंधरा वर्षांना, तुझ्या सहा वर्षांना मी एकेक करून शिव्या दिल्या. मग कॉलेजात जाऊन प्राचार्यांना म्हटलं की यंदा ग्रामीण पोस्टिंगला मुलींना घेऊन मी जाईन. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सहयोगी प्राध्यापक. ते काम इन्स्ट्रक्टर करतात. तुम्हाला वेळापत्रकाचं काम आहे." मी म्हटलं, वेळापत्रक मी घरी करीन. त्यांनी दोन दिवस विचार केला. बुधवार आणि गुरुवार, एवढ्याच अटीवर परवानगी मिळाली. तीही तोंडी. लेखी मागितलं तर म्हणाले, लेखी द्यायची तशी पद्धत नाही.

मी तुझ्या दवाखान्यात येते आता. याने काही बदललेलं नाही, हे मला माहीत आहे, तू सांगायला नको. त्या नावाचं पद आजही नाही. परवा एका मुलीने मला विचारलं की नर्स प्रॅक्टिशनर झाल्यावर नेमणूक कुठे होते, आणि पहिल्यांदाच मी फळ्यावर बाण न काढता खरं ते सांगितलं. दोघीजणी तास संपल्यावर येऊन म्हणाल्या, तरी करायचंय. मी त्यांना ना हरकतीचा अर्ज कसा लिहायचा आणि परत आला तर अपील कुठे करायचं ते शिकवलं. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

गेल्या बुधवारी पहिल्यांदा मी बाळंतपणाच्या टेबलाशी उभी राहिले. आधीचे दोन आठवडे कोपऱ्यात मुलींच्या केसबुकवर सह्या करत होते. त्या दिवशी एक सिस्टर दुसऱ्या बाईकडे अडकली होती, दुसरी रजेवर होती, आणि ही बाई टेबलावर आलेली. कुणी विचारलं नाही, मीच हातमोजे चढवले. हे मी शेवटचं केव्हा केलं ते मला मोजावंसं वाटलं नाही. पुस्तकातलं प्रत्येक पान मला पाठ आहे आणि तरी प्रत्येक पायरी ओठांतल्या ओठांत म्हणून मगच मी हात पुढे करत होते. बाईची आई डोक्याशी उभी होती, शिरूरकडची, लुगडं खोचलेली, लेकीचा हात धरून. तिची नजर लेकीच्या तोंडावर नव्हती. माझ्या हातांवर होती.

मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत. मी नाळ बांधली, बाळ आईच्या छातीवर दिलं, रक्त किती जातंय ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग स्टुलावर बसले. बाहेर माझ्या विद्यार्थिनी दारातून डोकावत होत्या. म्हातारी माझ्याजवळ आली. वाकून, हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, तिने विचारलं, "बाई, तुमी नव्या हाव का हितं?"

मी म्हणाले, "होय. नवी हाय."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हुईल सवय," ती म्हणाली.